आठाचा वेढा

१

मे महिना तोंडावर आला तेव्हा विनीताने पर्यटक-पाहुण्यांच्या खोल्यांचे पडदे बदलायचे मनावर घेतले. तोंडवलीतलं घर, समुद्र हाकेवर. खाऱ्या वाऱ्याने जुने पडदे असे विरले होते की धुवायला घेतले तर पिळताना हातात सुतं यायची. कुडाळच्या दुकानातला सर्वेश नमुन्यांचं जाडजूड पुस्तक काखेत मारून आला आणि पडवीत मांडी घालून बसला.

"ह्ये रोमन, वैनी. आता सगळे ह्येच लावतत. खाली सोडलो की सपाट, वर ओढलो की घडयेर घडी."

कोपऱ्यात विनीताची सासू नर्मदा कुळीथ चाचपत निवडत होती. तिच्या कानावर 'रोमन' एवढंच पडलं. शाळेच्या दाखल्यावर किरिस्तांवांच्या पोरांपुढे 'रोमन कॅथलिक' लिहितात, इतकं तिला ठाऊक.

"रोमन म्हणजे किरिस्तांवांचे मां रे? आमच्यातले पडदे संपले काय?"

"आये, पडद्याक जातीचो दाखलो लागणा नाय," विनीताचा नवरा सुदेश बोटीचं इंजिन पुसता पुसता म्हणाला. सर्वेश हसला. विनीताही हसली.

"हसा. पण असो घडयेचो पडदो ह्या वाडीत पयलो कोणी लावलो? रोझाबायच्या घोवान. बोटीवरसून इलो नि कड्ये शिवून, दोरी ओवून दिल्यान. तेका कोण रोमन म्हणी नाय."

विनीताच्या बोटांत पुस्तकाचं पान तसंच राहिलं. फोनवरच्या फोटोत हे पडदे तिला आवडले ते नवे म्हणून, असं ती स्वतःला सांगत होती. आता कळलं, डोळा कशाला सरावला होता ते. पंधरा वर्षं समोरच्या खिडकीत तेच तर बघितलं होतं.

समुद्राकडच्या खोल्यांना तिने सायीच्या रंगाचं पातळ सुती कापड पटकन निवडलं. मग सर्वेशला मधल्या खोलीत नेलं. ही खोली घरच्या माणसांची, खिडकी उत्तरेकडे, पाणंदीवर उघडणारी. इथे मात्र तिचं मन भरेना. एकेक नमुना ती उजेडावर धरी, मागे आपला हात लावी. बोटं दिसली की नमुना बाजूला. असे सात काढले.

"वैनी, हयसर ऊन येणा नाय. इतक्या जाड कित्याक?"

"समोरची खिडकी दिसता."

"समोर कोण ऱ्हवता?"

"कोण नाय."

"मगे कोणापासून झाकतास?"

"तू माप घे," विनीता म्हणाली.

आठवा नमुना शेवाळी रंगाचा, मागे काळं अस्तर. तो धरला आणि मागे हात लावला. काही दिसलं नाही. तिने समाधानाने हात खाली घेतला. तेव्हा कापडावर खालच्या कडेला दोन बोटांची फिकट सावली होती. ती बघेपर्यंत गेली. खिडकीचे गज असतील, तिने मनात म्हटलं. गजांची सावली पडते.

"ह्येच," तिने सांगितलं.

२

समोरच्या घराचं सांगायला हवं.

पाणंदीच्या पलीकडे रोझालिनाचं, सगळ्यांच्या रोझाबायचं, चिऱ्याचं कौलारू घर. नवरा कॉन्स्टान्सियो बोटीवर खलाशी होता, तो जाऊन बारा वर्षं झाली. लेक जॉयसी मुंबईत. रोझाबायला कानांनी ऐकू येईना, फोन वाजला तरी तो कोंबड्यांनाच ऐकू जायचा. म्हणून विनीताने आणि तिने खिडक्यांची खूण ठरवली. पडदा पूर्ण वर म्हणजे बरं आहे. पडदा अर्ध्यावर म्हणजे ये.

खूण दोन्हीकडून होती. विनीताने ती एकदाच वापरली. सुदेश बोटीवर, आणि नर्मदा न्हाणीत पडली, उठेना. विनीताला सुचेना काही, तिने आपल्या खिडकीला पडदा म्हणून लावलेली जुनी साडी अर्ध्यापर्यंत ओढून बांधली. पाच मिनिटं झाली नसतील, पंचाहत्तरीची रोझाबाय "येतंय गो, येतंय" करत पाणंद ओलांडून आली. एका पायात चप्पल, दुसरा पाय अनवाणी. दुसरी शोधत बसली नाही. तिच्या त्या येण्याचा आवाज विनीताच्या कानात बसला होता. एक पाय चटक वाजे, एक पाय मुका.

रोझाबायची खूण मात्र आठवड्यातून तीनदा होई. बाटलीचं झाकण उघडत नाही. फोनवर जॉयसीने काय धाडलंय वाच. आणि सगळ्यांत जास्त, सुई ओवून दे. म्हातारी शिवणाची हौशी, डोळे गेलेले. विनीता गेली की ती सुई आणि दोरा पुढे करून म्हणायची, "तुझे डोळे माका दी गो एक घडी."

पहिली तीन वर्षं विनीता हसत गेली. मग पाहुणे येऊ लागले, चुलीवरून हात निघेना, आणि ती पुटपुटत जाऊ लागली. गेली मात्र प्रत्येक वेळी.

एकदा सोडून.

३

पडदे आठ दिवसांत शिवून आले. सर्वेशने लाकडी पट्ट्या ठोकल्या, भिंतीत दोन शिंगांची पितळी खुंटी बसवली आणि दोरी कशी ओढायची ते दाखवलं. मधल्या खोलीचा पडदा त्याने पार खाली सोडला. खोलीत काळोख झाला. विनीताने दोरी खुंटीला गुंडाळली आणि वर दोन गाठी मारल्या. मोळीला मारावी तशी, घट्ट.

दुसऱ्या दिवशी दुपारी पाहुण्यांची जेवणं आटोपून ती पाठ टेकायला खोलीत आली, तर खोलीत उजेड. पडदा अर्ध्यावर होता. खाली अर्धी खिडकी उघडी आणि तीत समोरची खिडकी. गजांमागे काळोख, बाकी काही नाही. तिथला पडदा रोझाबाय गेल्यावर वरच गुंडाळलेला होता, गेलं वर्षभर.

सासूने केला असेल. पण नर्मदा पडवीत घोरत होती, आणि तिचा हात खुंटीपर्यंत पोचतही नव्हता.

तिने सुदेशला विचारलं.

"मी कित्याक तुझ्या पडद्याक हात लावू? दोरी सैल झाली आसात. नव्या दोरीक ताण येवक येळ लागता."

पटण्यासारखं होतं. नवी दोरी, दमट हवा. सैल झालेला पडदा खाली येईल, वर कसा जाईल, हे तिला संध्याकाळी भांडी घासताना सुचलं आणि तिने ते मनातून काढून टाकलं. पण एक गोष्ट निघेना. खुंटीला तिच्या गाठी नव्हत्या. दोरी एका शिंगावरून दुसऱ्यावर, मध्ये फुली, असे आठाच्या आकड्याचे वेढे घालून बसवली होती. नीट, एकावर एक. अशी दोरी तिने एकाच घरात बघितली होती.

४

चार दिवस हेच. ती पडदा खाली सोडी, दोन गाठी मारी, पुढे तीन मारू लागली. दुपारी तीनला बघावं तर पडदा अर्ध्यावर आणि दोरीला आठाचा वेढा. समुद्राकडच्या खोल्यांतले पडदे सोडले तिथे गपगार राहत. सर्वेशला फोन केला. तो आला, शिडीवर चढला, पट्टी हलवून बघितली.

"काय्येक झाला नाय ह्येका. तुमीच बांधतास बरां, वैनी. अशी दोरी बांधूक माका पण येणा नाय."



पाचव्या दिवशी नर्मदा काठी टेकत पाण्याला आत आली. तिला आता नीट दिसत नव्हतं, उजेड तेवढा कळे. ती खिडकीपुढे थांबली.

"विनीता, पडदो अर्दो सोडलंस. कोणाक बोलवतंस गो?"

"कोणाक नाय, आये."

"मगे खालती कर. येयत कोण तरी."

सासू साधं बोलली आणि तांब्या घेऊन गेली. विनीताने मात्र आता पडद्याकडे बघितलं. तोवर ती समोरच्या खिडकीची खूण डोक्यात धरून बसली होती. अर्ध्यावर आहे तो आपल्या खिडकीतला पडदा, हे तिने बघितलंच नव्हतं. हाक तिच्या घरातून जात होती, चार दिवस.

ती दोरीकडे धावली. बोटं खुंटीला लागली आणि पाणंदीतून आवाज आला. चटक. मग काही नाही. चटक. मग काही नाही. सावकाश, सवयीच्या वाटेने. मागच्या दाराच्या पायरीशी आला आणि थांबला.

वाळूत नारळाची झावळ वाऱ्याने अशीच उचलते आणि पडते, विनीताने स्वतःला सांगितलं. बाहेर झावळही होती, तिने दुसऱ्या दिवशी बघितली. पण तेव्हा ती दाराशी गेली नाही. दोरी हातात धरून, डोळे मिटून उभी राहिली, चहाला हाक येईपर्यंत.

५

त्या एकदाचं काय, ते विनीताने कोणाला सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी, हेच दिवस. तिन्ही खोल्या भरलेल्या, तव्यावर बांगडे, कोणाला सोलकढी परत हवी. तीन वाजता ती ताक घ्यायला मधल्या खोलीत आली आणि समोरचा पडदा अर्ध्यावर दिसला. सुई, ती म्हणाली. मोठ्याने म्हणाली, चिडून. मग तिने आपल्या खिडकीची साडी ओढून घेतली. म्हणजे म्हातारीला वाटावं, हिने बघितलंच नाही.

ओढता ओढता समोर अर्ध्या पडद्याखाली हात दिसला. तो हलला नाही, बोलावलं नाही. तिच्याकडे धरलेला होता, इतकंच. तिने साडी पुरी ओढली.

संध्याकाळी जाऊ म्हणाली. संध्याकाळी ती त्या खोलीत गेलीच नाही. विसरली नव्हती. विसरली असती तर बरं झालं असतं.

सकाळी पडदा तसाच दिसला. चहाचा कप घेऊन गेली. दार नुसतं लोटलेलं. रोझाबाय खिडकीजवळच्या खुर्चीत, मान एका बाजूला, थंड. मांडीवर जॉयसीच्या लेकीचा पांढरा झगा, बटण लावायचं राहिलेलं. उजव्या हाताच्या दोन बोटांत सुई. रीळ गडगडत टेबलाखाली गेलेलं. सुई ओवायलाच बोलावलं होतं. विनीताचा अंदाज खरा होता. गेली असती तर सुई ओवताना ती तिथे असती, आणि मग जे झालं ते तिच्या डोळ्यांपुढे झालं असतं. गाडी होती, डॉक्टर होता, सुदेश होता.

तेव्हा विनीताने आधी काय केलं? रोझाबायच्या कपाळाला हात लावला नाही. हाक मारली नाही. तिने कप खाली ठेवला आणि खिडकीची दोरी ओढली. पडदा घडीवर घडी घेत पूर्ण वर गेला, खाली ती म्हातारी तशीच बसलेली. दोरी खुंटीला बांधली आणि मगच बोंब मारत बाहेर आली.

"पडदो वर होतो," तिने सगळ्यांना सांगितलं. "तरी मन घेईना, म्हणून चाय घेवन गेलंय."

वाडी म्हणाली, सख्ख्या लेकीने केलं नसतं इतकं विनीताने केलं. चर्चच्या पायरीवर फादरनी तिचा हात हातात घेतला. ती मान खाली घालून उभी होती. लोकांना वाटलं, दुःखाने.

६

जॉयसी आईच्या वर्षाच्या मिस्सासाठी, चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, आली. दुपारी जेवून विनीताकडे आली ती मधल्या खोलीतच बसली, खिडकीकडे पाठ करून. मांडीवर एक कापड घडी करून ठेवलेलं, निळ्या चौकड्यांचं, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आणि घराची चावी.

"मांयचो पडदो. काढून हाडलंय," ती म्हणाली. "एक वर्स मी तेका हात लावूक नाय. आता तू ठेव. नि चावी पण तूच ठेव, विनीतावैनी. उद्या मिस्साक पयली मेणवात तुझ्या हातान लावची."

तिने चावी दोघींमधल्या स्टुलावर ठेवली. विनीताने तिच्याकडे बघितलं, उचलली नाही.

"नको गो. तू लेक, तू लाव."

"मी मुंबैची लेक. हयसर तू होतंस." जॉयसी पडद्याच्या काठावरून बोट फिरवत राहिली. "एक विचारू? दोरी सोडूक गेलंय तर सुटना. कातर लावची लागली. गाठ होती, दोन गाठी."

विनीताची नजर खुंटीकडे गेली.

"पप्पान आमका गाठ मारूक कधी दिल्यान नाय. गाठ मारलेली दोरी खाऱ्या वाऱ्यान कुजता म्हणी. आठाचो वेढो घालूचो, बस. मांय झोपेत पण आठच घाली." तिचा आवाज बारीक झाला. "म्हणून माझ्या मनात येता, शेवटाक तिचे हात कापत होते काय? तिका कळत नाय होता काय? लय तरास झालो काय गो तिका?"

किती सोपं होतं. असेल, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. म्हाताऱ्या माणसाचे हात कापतात. विनीताने तोंड उघडलं तेही तेच म्हणायला.

जॉयसीच्या पाठीमागे शेवाळी पडदा हलला. विनीताने तो सकाळीच पार खाली सोडला होता, तीन गाठी मारून. खालची कड उचलली गेली, एक घडी बसली. मग दुसरी. आवाज नाही, ओढाताण नाही. खुंटीवरच्या गाठी तिच्या डोळ्यांदेखत सैलावल्या, दोरी मोकळी झाली आणि एका शिंगावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर गेली. शांतपणे. रोजचं काम करणारा माणूस करतो तशी. पडदा अर्ध्यावर थांबला.

जॉयसी वाट बघत होती. तिच्या चेहऱ्यावर नुसती काळजी होती, संशय नव्हता. तेच विनीताला सोसेना.

"गाठ माझी," ती म्हणाली.

मग सगळं सांगितलं. साडी ओढल्याचं, हाताचं, दोरी ओढल्याचं. थांबत थांबत, स्टुलावरच्या चावीकडे बघत. जॉयसीने मध्ये तोडलं नाही. शेवटी इतकंच विचारलं,

"सुई होती हातात?"

"होय."

"नि दोरो?"

"नाय. दोरो नाय."

 पडवीत नर्मदाची जात्यावरची ओवी चालली होती, ती मध्येच थांबली. जॉयसीने स्टुलावरची चावी उचलली, पडद्याचं कापड परत उराशी घेतलं आणि उठली. मागे वळून शेवाळी पडदा बघितला, दोरीचा वेढाही बघितला.  दाराशी चपला घालताना तिच्या हातातून एक पडली, तीही तिने खाली न बघता पायात घातली.

७

मिस्साला विनीता गेली नाही. सुदेशने विचारलं तेव्हा तिने त्यालाही सांगितलं. त्याने इंजिनाचा फडका हातातल्या हातात पिळला आणि त्या रात्री तो पडवीत झोपला. दोन दिवसांत वाडीत पसरलं. पाणवठ्यावर बोलणं तिला बघून थांबू लागलं. ते तिला बरं वाटत होतं म्हणता येणार नाही, पण खोटं वाटत नव्हतं.

मुंबईला जायच्या आधी जॉयसीने आईचा पडदा परत लावला. विनीताने आपल्या खिडकीतून बघितलं. खुर्चीवर उभी राहून तिने कड्यांतून नवी दोरी ओवली, पडदा अर्ध्यावर आणला आणि खुंटीला आठाचा वेढा घातला. मग दार ओढून कुलूप घातलं आणि चावी पर्समध्ये टाकून गेली.

आता ती खूण तिथे राहणार होती. ये. दार बंद, चावी मुंबईत, आणि रोज ये.

विनीताने आपला पडदा खाली सोडून बघितला. तो अर्ध्याच्या खाली उतरेना. दोरी मोकळी होती, पट्टी सरळ होती. सर्वेशला तिने परत बोलावलं नाही.

त्या दिवशी तीन वाजता तव्यावर बांगडे होते. बाहेरून कोणी तरी सोलकढी मागितली. विनीताने गॅस बंद केला आणि मधल्या खोलीत येऊन खिडकीपुढे उभी राहिली. दोन अर्धे पडदे, मध्ये पाणंद, पाणंदीत ऊन. समोर निळ्या चौकड्यांच्या खाली काळोख होता. तिने डोळे हटवले नाहीत. ह्यावेळी हटवायचे नव्हते.

काळोखात काही तरी चकाकलं. बारीक, केसाएवढं. दोन बोटांत उभं धरलेलं, नेढं उजेडाकडे केलेलं. बोटांच्या मागे काय होतं ते तिला दिसलं नाही. हात हलत नव्हता. वर्षभर धरून ठेवल्यासारखा.

पडवीतून नर्मदा म्हणाली, "कोणाक बोलवता गो?"

"माका, आये," विनीता म्हणाली.

तिने खणातून पांढरं रीळ काढलं. वीतभर दोरा तोडला, टोक ओठांत धरून ओलं केलं, चिमटीत पीळ दिला. मागचं दार उघडलं. पायरीवर तिची एकच चप्पल होती. दुसरी शोधायला ती थांबली नाही.

"येतंय गो," ती म्हणाली. रोझाबायला ऐकू यावं म्हणून मोठ्याने म्हणाली.